मुरुडकरांच्या कुलवृत्तांतातला उंट

पद्माकरराव मुरुडकर कुठेही वीस मिनिटं आधी पोचणारे गृहस्थ. लग्नाला, डेंटिस्टकडे, एवढंच काय, स्वतःच्या निवृत्तीच्या निरोप समारंभालाही ते इतके आधी गेले की खुर्च्या मांडायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यामुळे २००७ च्या सप्टेंबरात बीस्टनच्या लायब्ररीत 'फॅमिली हिस्टरी'च्या क्लासला नाव घालायला गेल्यावर "सॉरी, भरला" हे शब्द कानावर पडले, तेव्हा ते काउंटरला धरून उभेच राहिले. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं एक्स-रे काढलेल्या माणसाला नकार देण्याची सवय असते, घेण्याची नसते.

काउंटरवरच्या बाईंना त्यांची दया आली. नॉटिंगहॅममध्ये कोणीही कोणालाही 'डक' म्हणतं. एवढ्या वर्षांत पद्माकरराव या बदकपणाला सरावले होते.

"हे बघा डक," बाई म्हणाल्या, "मंगळवारी सकाळी दुसरा एक क्लास आहे. तोही एका फॅमिलीबद्दलच आहे. फक्त फॅमिली जरा जुनी आहे."

ती फॅमिली अब्राहामची निघाली. यहुद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक, नातू याकोब आणि याकोबाचे बारा मुलगे. या लोकांच्या गोष्टी कुठून आल्या, कुणी रचल्या, आणि त्यांचा अर्थ काय, असा दहा मंगळवारांचा अभ्यासक्रम होता. पद्माकररावांनी नाव घातलं. घरी रिकाम्या हाताने परत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

आता, या वयात त्यांना वंशावळीचा ध्यास का लागला, तर त्याला कारण ज्ञानेश्वर. हा त्यांचा पुण्याचा धाकटा चुलतभाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर आपण घराण्याचा कुलवृत्तांत छापावा असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मुरुडकरांचा मूळ पुरुष समुद्रकाठाहून घाटावर कसा आला इथपासून ते परवा बारशाला घुगऱ्या वाटल्या त्या बाळापर्यंत सगळे मुरुडकर त्यात यायचे होते. 'परदेशस्थ शाखा : इंग्लंड' या मथळ्याखालचं एक पान पद्माकररावांनी नोव्हेंबरअखेर लिहून पाठवायचं होतं. ज्ञानेश्वराने पत्रात लिहिलं होतं, "दादा, त्या शाखेचा मूळ पुरुष तूच."

हे वाक्य पद्माकररावांनी मीनाक्षीबाईंना तीनदा वाचून दाखवलं. मूळ पुरुषाची जागा काही वरचेवर रिकामी होत नाही.

"बरं झालं," मीनाक्षीबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "आता मूळ पुरुषांनी कचऱ्याचा हिरवा डबा बाहेर ठेवावा. आज गुरुवार."

क्लास घेणाऱ्या डॉक्टर जोन हॅलम या साठीच्या, उंच, नेहमी चिखलाचे बूट घालून येणाऱ्या बाई होत्या. समोर नऊ विद्यार्थी. त्यात एक निवृत्त पाद्री आणि एक निवृत्त खाणकामगार. पाद्री दर वाक्याला मान हलवायचे आणि खाणकामगार रेडिएटरला टेकून झोपायचे. पहिल्याच दिवशी डॉक्टर हॅलमनी फळ्यावर अब्राहामाचा वंशवृक्ष काढला, आणि पद्माकरराव घरी आल्यासारखे खुलले. वंशवृक्ष म्हणजे त्यांचं क्षेत्र. त्यांनी वहीत तो कुलवृत्तांताच्या पद्धतीने उतरवला. पत्नी सारा, आणि पुढे माहेरचं नाव लिहायला जागा सोडली.

"एक प्रश्न," त्यांनी हात वर केला. "साराचं माहेर कुठलं?"

डॉक्टर हॅलम हसल्या. "छान विचारलंत. एके ठिकाणी अब्राहाम म्हणतो की ती माझ्या वडिलांचीच मुलगी, फक्त आई वेगळी."

पद्माकररावांच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे सगोत्र!"

गोत्र म्हणजे काय हे नऊ इंग्रजांना समजावून सांगण्यात त्या दिवशीची उरलेली वीस मिनिटं गेली. खाणकामगार जागे झाले. पाद्रीबुवांनी आपलं गोत्र काय असेल अशी चौकशी केली. डॉक्टर हॅलमना असा विद्यार्थी बऱ्याच वर्षांत मिळाला नसावा. पुढच्या मंगळवारी त्यांनी पद्माकररावांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली. अर्थात पद्माकरराव तिच्यावर वीस मिनिटं आधीच बसलेले होते.

दुसऱ्या मंगळवारी उंट आले. डॉक्टर हॅलम म्हणाल्या की अब्राहामाकडे उंटांचे कळप होते असं गोष्टीत लिहिलंय. पण हा जो काळ सांगतात, त्या काळी त्या मुलखात पाळीव उंट फारसे नव्हतेच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे गोष्ट लिहिणारा कितीतरी शतकांनंतरचा. त्याच्या खिडकीबाहेर उंट होते, म्हणून त्याने ते पणजोबांच्या दारातही बांधले. त्यात लबाडी नसते. आठवण अशीच चालते.

पद्माकररावांना हे इतकं आवडलं की घरी येऊन जेवताना त्यांनी ते मीनाक्षीबाईंना आमटी गार होईपर्यंत सांगितलं. मीनाक्षीबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमच्या चाकांच्या बॅगेसारखं?"

"कसली चाकांची बॅग?"

"गणपतीला सांगता ना दरवर्षी? सहासष्ट साली विमानातून उतरलो, बाहेर बर्फ, आणि मी चाकांची बॅग ओढत एकटा निघालो. अहो, तेव्हा चाकांच्या बॅगा होत्या कुठे? पत्र्याची ट्रंक होती, काथ्याने बांधलेली. माझ्या भावाने बांधली होती."

पद्माकररावांनी घास तोंडात धरून विचार केला. ट्रंक आठवली. काथ्याही आठवला. पण चाकांचा खडखड आवाज अजून कानात येत होता, त्याचं काय करावं ते कळेना.

"उंट," मीनाक्षीबाई म्हणाल्या, आणि ताक वाढलं.

तेव्हापासून मुरुडकरांच्या घरात हा शब्द रुळला. पद्माकरराव म्हणाले की आपण आलो तेव्हा पावाबरोबर मिरच्या कोपऱ्यावरच मिळायच्या, की मीनाक्षीबाई ओट्यापासून "उंट!" म्हणत. मेडनहेडहून मुलीचा, सीमाचा, फोन आला की तिलाही हा खेळ सांगितला जाई. सीमाचा जन्म नॉटिंगहॅमचा. तिचं मराठी तिच्या गाडीसारखं होतं, चालायचं, पण गिअर बदलताना आवाज करायचं. "बाबा," ती म्हणाली, "मग ती सायकलचा स्टोरी पण कॅमलच आहे ना? दर वेळी तुम्ही डिफरंट सांगता."

पद्माकरराव म्हणाले, "लाइन खराब आहे," आणि फोन आईकडे दिला.

सायकलचा विषय त्यांना नको होता. त्या एका पानात सगळ्यात मोठी अडचण सायकलचीच होती.

गोष्ट अशी की १९६७ च्या जूनमध्ये मीनाक्षीबाई नॉटिंगहॅमला आल्या तेव्हा त्यांच्या लग्नाला सहा महिने झाले होते. जागा मिळत नव्हती. कुठे इंडियन नको, कुठे पोरंबाळं नकोत. मिसेस ओल्डरशॉ नावाच्या एका विधवा बाईंना इंडियन चालत होते, पण जोडपी चालत नव्हती. दारात उभ्या असलेल्या या दोघांना त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण एकमेकांचे?" आणि बावीस वर्षांच्या मीनाक्षीबाईंच्या देखत सव्वीस वर्षांचे पद्माकरराव म्हणाले, "ही माझी बहीण."

मग चार महिने पद्माकरराव खालच्या मागच्या खोलीत आणि मीनाक्षीबाई वर, पोटमाळ्यावर. मंगळसूत्र कार्डिगनच्या आत. मिसेस ओल्डरशॉंचा भाऊ सिरिल रोज चहाला यायचा. चव्वेचाळीस वर्षांचा, अविवाहित, सायकली दुरुस्त करणारा. तो मीनाक्षीबाईंसाठी कधी सेलरीचा गड्डा आणायचा, कधी ट्यूलिपचे कंद. एके दिवशी त्याने पद्माकररावांना एक हिरवी, जुनी पण झकास चालणारी सायकल दिली. पद्माकररावांनी ती घेतली. आणि ऑक्टोबरात, शहरात गूज फेअरची जत्रा भरली तेव्हा, सिरिलने टोपी हातात घेऊन पद्माकररावांना विचारलं, "तुमच्या बहिणीला जत्रेला नेऊ का?" पद्माकररावांच्या डोळ्यांपुढे एकदम थंडीतला रस्ता आणि काथ्याने बांधलेली ट्रंक आली. ते म्हणाले, "न्या की."

त्यानंतर तीन दिवसांत मिसेस ओल्डरशॉंना सगळं कळलं. कसं ते पद्माकररावांना कधीच नीट समजलं नाही. मीनाक्षीनेच जत्रेत सांगून टाकलं असणार, असं त्यांनी धरलं. विचारायचं धाडस झालं नाही. त्या आठवड्यात ते दुसरीकडे राहायला गेले. सायकल बरोबर गेली.

आता ही गोष्ट मराठी मंडळात कशी सांगायची? पद्माकररावांनी सत्तरच्या दशकात सांगितली, तेव्हा सिरिल गाळला : "घरमालकीण जोडपी घेत नव्हती, मी पटकन म्हटलं बहीण!" लोक हसले. ऐंशीच्या दशकात सांगितली, तेव्हा बहीण हा शब्द मिसेस ओल्डरशॉंच्या तोंडी गेला : "त्यांचाच तसा समज झाला, मी सभ्य माणूस, बाईमाणसाला कशाला खोटं पाडू?" नव्वदनंतर सांगितली, तेव्हा सगळी युक्ती मीनाक्षीबाईंची झाली, आणि सायकल पहिल्या पगारातून घेतलेली. मीनाक्षीबाई या तिन्ही आवृत्त्यांच्या वेळी बटाटेवडे वाढत होत्या. एकदाही काही बोलल्या नाहीत.

आणि आता ही गोष्ट छापायची होती. पिढ्यान्‌पिढ्या मुरुडकर ती वाचणार होते. पद्माकररावांनी तिसरी आवृत्ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि पाकिटात घातली. पाकीट मात्र बंद होईना. रोज ते ड्रॉवरमधून काढत आणि परत ठेवत.

सहाव्या मंगळवारी घरातला बॉयलर दुरुस्त करायला माणूस आला. पाणी बंद, हीटिंग बंद. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "मी पण येते तुमच्या अब्राहामाकडे. निदान तिथे ऊब असेल." आणि विणकाम घेऊन मागच्या रांगेत रेडिएटरशेजारी, खाणकामगारांच्या बाजूला, जाऊन बसल्या.

त्या दिवशी डॉक्टर हॅलमनी फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "आज एक चमत्कारिक गोष्ट. चमत्कारिक अशासाठी की ती तीनदा येते. अब्राहाम परमुलखात जातो. जिवाच्या भीतीने सांगतो, ही माझी बायको नव्हे, बहीण आहे."

पद्माकररावांनी पाण्याचा घोट घेतला.

"पहिल्या वेळी तो सरळ खोटं बोलतो. मिसरचा राजा साराला घरी नेतो आणि अब्राहामाला मेंढरं, गाढवं, उंट देतो. दुसऱ्या वेळी राजा दुसरा आहे, आणि आता अब्राहामाकडे सबब आहे : तशी ती माझी सावत्र बहीणच. तिसऱ्या वेळी अब्राहाम नाहीच, त्याचा मुलगा इसहाक आहे, आणि त्याच्या बायकोला कोणी हातही लावत नाही. एकच गोष्ट तीनदा का सांगितली असेल? मिस्टर मुरुडकर, तुम्ही सांगा."

पहिल्या रांगेतल्या माणसाला पळता येत नाही. पद्माकरराव उभे राहिले. अडखळले. मग त्यांच्या तोंडून अशी काही विद्वत्ता बाहेर पडू लागली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "मला वाटतं," ते म्हणाले, "पहिली गोष्ट खरी असल्यासारखी वाटते, कारण ती लाजिरवाणी आहे. पुढे सांगणाऱ्यांना लाज वाटायला लागते. घरातला मोठा माणूस असा कसा वागला? मग ते थोडं इकडे घासतात, थोडं तिकडे पुसतात. दोष हळूहळू दुसऱ्याकडे जातो. माणूस स्वच्छ होतो, पण गोष्ट…"

"गोष्ट?"

"पातळ होते," पद्माकरराव म्हणाले आणि बसले.

पाद्रीबुवांनी टाळी वाजवली. डॉक्टर हॅलम म्हणाल्या की बरेच अभ्यासक जवळजवळ असंच म्हणतात, पण त्यांना एवढं कळायला जाड पुस्तकं लिहावी लागली. "आणि गंमत बघा," त्या म्हणाल्या, "ज्यांनी हे सगळं एकत्र केलं, त्यांनी तिन्ही ठेवल्या. एकही फेकली नाही. बहुधा ते लोक आपल्या देशातून उचलून परमुलखात नेऊन टाकलेले होते, किंवा अशा लोकांची नातवंडं. आपला पूर्वजही घर सोडून निघाला होता, भ्याला होता, खोटं बोलला होता, आणि तरी निभावला, हे ऐकून त्यांना धीर येत असेल."

पद्माकररावांनी चष्मा काढून पुसला. नोव्हेंबरात हवेत परागकण नसतात, नाहीतर डोळ्यांतलं पाणी त्यांनी त्यांच्यावर ढकललं असतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "एक विचारू?" मीनाक्षीबाईंनी विणकामाची सुई वर केली होती. "ती मेंढरं. त्याने परत केली का?"

डॉक्टर हॅलमनी क्षणभर आठवून पाहिलं. "नाही. राजा चिडतो, म्हणतो, बायको आहे हे मला सांगितलं का नाहीस? आणि निघून जा म्हणतो. पण दिलेलं परत घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

"वाटलंच," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "आणि सारा? ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. त्या गोष्टीत ती एक शब्दही बोलत नाही."

"तिला विचारलं नसेल कोणी," मीनाक्षीबाई म्हणाल्या, आणि पुढचा टाका घातला.

बसमध्ये दोघंही वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी बसले. दोन स्टॉप गेले. तिसऱ्या स्टॉपला पद्माकररावांनी समोरच्या काचेकडे बघत विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस? जत्रेत?"

"चाळीस वर्षांनी विचारताय."

"चाळीस वर्षं आणि एक महिना. तू त्याला खरं सांगितलंस ना?"

"मी कशाला सांगू? मिसेस ओल्डरशॉंनाही नंतर त्यानेच सांगितलं. त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, मंगळसूत्र बाहेर आलं. तो लढाईच्या वेळी देवळालीला होता, सैन्यात. काळे मणी म्हणजे काय ते त्याला तिथल्या धोबिणीने सांगितलेलं."

पद्माकररावांना बस उतारावरून सुटल्यासारखी वाटली. "मग ती सेलरी? ते कंद?"

"तुम्ही मला बहीण केलंत, घरात बोलायला कोणी नाही, तर तो येऊन दोन शब्द बोलायचा. बिचारा एकटा होता."

"आणि सायकल?"

"सायकल नवऱ्याला दिली होती त्याने. म्हणाला, तुझा नवरा रोज तीन मैल चालत येतो, लवकर घरी पोचू दे."

चाळीस वर्षांचं ओझं असं बसमध्ये, वॉलेटन रोडवर, एकाएकी उतरलं. पद्माकरराव सरळ बसले. म्हणजे ती लाच नव्हती! म्हणजे आपण बायकोच्या बदल्यात… त्यांना सिरिलला मिठी मारावीशी वाटली. तो जाऊन वीस वर्षं झाली होती. "अगं, मग हे आधी सांगायचं नाहीस? मी उगाच…"

"थांबा, पुढे ऐका. बहिणीला जत्रेला नेऊ का, असं त्याने तुम्हाला विचारलं ना? ते मुद्दाम विचारलं होतं. मला म्हणाला, मीना, उद्या तुझ्या नवऱ्याला एक संधी देतो. तो नक्की म्हणेल, नाही, ती माझी बायको आहे. मग मी माझ्या बहिणीला समजावतो, तुम्हाला मोठी खोली मिळेल." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. "मी वरच्या जिन्यात उभी होते. ऐकत होते."

"आणि मी म्हटलं…"

"न्या की."

पद्माकररावांना आपला स्टॉप आला हे कळलंच नाही. दोघं दोन स्टॉप पुढे उतरली आणि गार वाऱ्यात मागे चालत आली. चालताना ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

"हो," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "हे लिहा."

"कुलवृत्तांतात?"

"मग कुठे? मूळ पुरुष म्हणवून घ्यायचं तर सगळं घ्या. नाहीतर माझं नाव त्या पानावर नको. मी आपली माहेरच्या कुलवृत्तांतात जाईन."

मूळ पुरुष दोन दिवस लिहीत होते. पाकिटातला कागद बाहेर निघाला. नवीन कागदावर 'ही माझी बहीण' आलं, सेलरी आली, देवळाली आली, 'न्या की' आलं. सायकल कोणी, कोणाला, कशासाठी दिली तेही आलं. लाज वाटत होती, पण गोष्ट दाट होत होती. शनिवारी ज्ञानेश्वराचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला सगळं वाचून दाखवलं.

पलीकडून ज्ञानेश्वर म्हणाला, "दादा, हे असं छापायचं? तुझ्या आधीच्या तीन पिढ्या नुसत्या 'सत्शील आणि करारी' आहेत रे."

"त्यांच्या बायकांना विचारलं होतंस का?" पद्माकरराव म्हणाले. "छाप."

मग त्यांनी कागद मीनाक्षीबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. एका ठिकाणी थांबल्या. "सायकल चालवताना हेल्मेट? सदुसष्ट साली? उंट." त्यांनी ओळ खोडली. मग पेन हातात आहेच म्हणून जत्रेच्या परिच्छेदात स्वतःच्या अक्षरात एक वाक्य घातलं, नाव लिहिलं, आणि कागद परत दिला.

पद्माकररावांनी ते वाक्य वाचलं : 'त्या दिवशी मी मोरपंखी पैठणी नेसले होते, आणि जत्रेतले सगळे लोक वळून बघत होते.'

मोरपंखी पैठणी. ती त्यांनी स्वतः घेतली होती, सीमाच्या पहिल्या वाढदिवसाला, चौऱ्याहत्तर साली. पावती अजून कपाटात असेल. जत्रेच्या दिवशी मीनाक्षी तपकिरी कार्डिगन घालून गेली होती, गळ्यापर्यंत बटणं लावून. जिन्यातून उतरताना तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं होतं, आणि ते सायकलची घंटा पुसत होते.

त्यांनी तोंड उघडलं. मीनाक्षीबाई चष्म्यावरून बघत होत्या.

पद्माकररावांनी तोंड मिटलं, कागद पाकिटात घातला, पाकीट जिभेने चाटून घट्ट बंद केलं, आणि टपाल निघायच्या चांगली वीस मिनिटं आधी लाल पेटीत टाकून आले.